शरणूदादाचं नातं

भोकरचे पाहुणे जळकोटला आरतीची सुपारी फोडायला आले, तेव्हा तिच्या आईला, उज्वलाला, एकच धाकधूक होती. मुलाचे आजोबा धोंडप्पा फार तापट, असं मध्यस्थानं आधीच कानावर घातलं होतं. मुलगा अमरेश नांदेडला नोकरीला होता आणि आरतीला तो मनापासून पसंत होता. उज्वलाचे यजमान वारल्यापासून तिच्या घरातलं प्रत्येक कार्य तिचा थोरला भाऊ शरणप्पा अंगावर घ्यायचा. म्हणून बैठकही माहेरीच धरली होती.

चहापाणी झालं. मुलीच्या आजीला बाहेर आणा, असं पाहुण्यांतल्या बायका म्हणाल्या. उज्वला आपल्या आईला, नागाबाईला, हाताला धरून ओसरीवर घेऊन आली. म्हातारी सतरंजीवर टेकणार, तोच धोंडप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या हातातली बशी कलंडली, चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना भान नव्हतं.

"वहिनी?"

म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होतेय, असं उज्वलाला वाटलं. पण आईनं मान वर केली नाही.

"तुमी जित्या हाव, वहिनी? विहिरीत गळ टाकून शोधलं आमी तुमाला. तुमच्या अन् पोराच्या नावानं जेवणं घातली." मग ते शरणप्पाकडं वळले आणि त्याचा चेहरा निरखत राहिले. "हा आमचा शरणू न्हवं?"

शरणप्पा खाली बघत नुसतं "हाव" म्हणाला.

उज्वलानं आईला जवळजवळ ओढतच आत नेलं आणि दार लोटलं. हे कोण, कुणाची वहिनी, दादा त्यांचा कसा, असं ती विचारू लागली.

नागाबाईनं मग सांगितलं. तिचं पहिलं लग्न भोकरजवळच्या एका खेड्यात झालं होतं. ती नांदायला गेली तेव्हा सासू बाळंतपणात गेलेली, आणि धाकटा दीर पाळण्यात. तो शरणू. त्याला तिनंच शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढं सासरा गेला, पाठोपाठ तापानं नवराही गेला. तिच्या भावांनी तिचं दुसरं लग्न उज्वलाच्या बापाशी, महादेवप्पाशी ठरवलं, तेव्हा चुलत सासऱ्यानं, म्हणजे धोंडप्पाच्या बापानं सांगितलं, बाईनं खुशाल जावं, पोर आमचं आहे, ते आमची गुरं वळील. भर दुपारी सगळे रानात असताना तिनं पोराला काखेत मारलं आणि वाट धरली. महादेवप्पानं दोघांना घरात घेतलं. पोराला म्हणाला, आजपासून हिला आई म्हणायचं. गावातही तेच सांगितलं. नाहीतर शरणूला जन्मभर उपरा म्हणून हिणवलं असतं. ती माणसं आता भोकरला राहायला गेलीत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलं?" उज्वलानं विचारलं.

"तुला भाऊ व्हता. त्यात काय सांगायचं?"

पन्नाशीला आलेली उज्वला, आजवर प्रत्येक भाऊबीजेला जिच्याकडून ओवाळून घ्यायला दादा हजर असायचा, तिला आता त्याला काय म्हणावं तेच सुचेना. बापाचा तो कुणी नव्हता. आईचाही रक्ताचा नव्हता. आईचा दीर म्हणजे काका म्हणावं, तर तो बापाचा भाऊ कुठं होता? सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की दादाला सगळं माहीत होतं.

बाहेर वेगळाच पेच पडला होता. शरणप्पा धोंडप्पाचा चुलतभाऊ, म्हणजे अमरेशचा चुलत आजोबा निघाला. नवऱ्या मुलाचा आजा नवरीच्या पाठीशी मामा म्हणून कसा उभा राहणार, असं पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, मग ही भावकीच झाली. धोंडप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मुलीचं आणि आपलं एका थेंबाचंही रक्ताचं नातं नाही, सोयरीक पक्की, असं त्यांनी सांगून टाकलं. मात्र शरणूनं एकदा घरी यावं, आपल्या सख्ख्या भावाच्या समाधीवर फूल वाहावं, एवढं त्यांचं मागणं होतं.

शरणप्पा आत आला. उज्वलाकडं त्यानं बघितलं नाही. म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवून तो म्हणाला, "येतो, वहिनी."

ती हाक त्याच्या तोंडून इतकी सहज आली, की ती आजची नव्हती हे उज्वलाला कळलं. घरात कुणी नसताना ही दोघं एकमेकांशी कशी बोलत असतील, याचा तिला आजवर पत्ताच नव्हता. नागाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि लवकर ये म्हणाली.

चार दिवसांनी तो परतला. उज्वला त्याच्याशी धड बोलली नाही. लग्न जवळ आलं तरी तिच्या तोंडून दादा अशी हाक निघेना. मामा म्हणून कोण उभं राहणार, हे त्यानंही विचारलं नाही. अक्षता वाटल्या, आरती पाटावर उभी राहिली आणि तिच्या पाठीमागची जागा मोकळीच होती. तेव्हा उज्वलाच मांडवाच्या कडेला गेली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"चल, दादा. पोरगी थांबलीय."

नंतर पंगतीत अमरेशच्या एका आत्यानं विचारलं, हे तुमचे सख्खे भाऊ का? उज्वलाचा हात वाढता वाढता थांबला.

"आईचे दीर," ती म्हणाली. "माझे दादा."

उज्वलानं आत्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.