शालिग्रामभाऊंच्या जबड्याचा साचा

मी साचा बोलतोय. पांढऱ्या प्लॅस्टरचा, घोड्याच्या नालेसारखा, एका माणसाच्या वरच्या जबड्याचा. मला दात नाहीत. नुसत्या हिरड्या आणि टाळूवरच्या बारीक वळ्या आहेत. दात नसलेल्यानं बोलावं का, अशी शंका मलाही येते. पण उद्यानंतर बोलायला मी असेन की नाही, कोण जाणे.

माझा जन्म सुरतेत, उधन्याच्या डॉक्टर भूपेंद्रांच्या दवाखान्यात झाला. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी होता. खुर्चीत शालिग्रामभाऊ बसले होते. मूळचे खानदेशचे, रंगरसायनांत डॉक्टरेट मिळवलेले. पलसाण्याच्या कापड-रंगाईच्या कारखान्यात काही वर्षं काढली, मग इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले. म्हातारपणी दात गेले. तिथे सरकारी दवाखान्यात नंबर लागेना आणि खासगी डॉक्टरांचा खर्च ऐकून घाम फुटला. त्यापेक्षा सुरतेला जाऊन कवळी करून घेणं स्वस्त, शिवाय बहिणीच्या हातचं जेवण, असा हिशेब करून ते आले.

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात मापाचा थंड लगदा भरला. तो निघाल्यावर भाऊंनी पहिलं वाक्य उच्चारलं, "डॉक्टर, मी मधेच गिळलं. माप चुकलं असेल का?"

"काका, सगळेच गिळतात."

"पण मी जरा जास्त गिळलं."

अशा माणसाचा मी साचा. माझा स्वभाव वेगळा कसा असेल?

खरं तर एकच साचा पुरतो. पण कवळी तिकडे तुटली तर काय, हा घोर भाऊंना लागला. डॉक्टरांनी जोड काढून दिली, बहुतेक प्रश्न थांबावेत म्हणून. माझ्या जोडीदारावर कवळी घडवून गरम पाण्यात शिजवली. ती सोडवताना त्याचे तुकडे झाले. असंच होतं म्हणे. मी अख्खा राहिलो, आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही. तो निदान कामी आला. मी कशासाठी आहे?

कवळी बसली तेव्हा पोंकाचे दिवस होते. कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे शेवेबरोबर चावत भाऊ दर घासाला थांबून विचारायचे, "मंगला, हाली नई ना राहिनी?" मंगलाबाई, त्यांची धाकटी बहीण, पदराआड हसायच्या. "भाऊ, दात हालत नई. तू हाली राहिना."

निघताना भाऊंनी मला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मंगलाबाईंच्या हाती दिलं. "हाऊ साचा जप. हाऊ ऱ्हायना म्हंजे माले घडीघडी येवानं काम नई."

या वाक्यावर मंगलाबाईंचा हात क्षणभर थांबला. फडक्याच्या फटीतून मी पाहिलं. भाऊ पासपोर्ट चाचपत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली. निम्मी वस्ती गाडीला लोंबकळत गावी पळाली. मंगलाबाईंच्या घरचेही गेले आणि महिन्याभरात परत आले. मी कपाटात एकटाच होतो. त्या हिवाळ्याचं तिकीट भाऊंनी रद्द केलं. पुढच्या वर्षी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच दुखत नव्हतं, तरी फोनवर "पाहतो" एवढंच म्हणाले. शहर धुऊनपुसून लख्ख झालं. मंगलाबाई हे दर फोनला सांगायच्या. पलीकडून प्रश्न यायचा, "पण पाणी उकळूनच पिता ना?"

दिवाळीच्या साफसफाईत त्या मला काढून फडक्यानं पुसायच्या आणि अंगठा माझ्या टाळूवरून फिरवायच्या. त्यांची सून रंजना ओरडायची, "आई, मामांचं तोंड लोणच्याच्या बरणीशेजारी नका ठेवू हो!"

"ऱ्हाऊ दे. तेवढंच शे मनाजोडे." भावाचं तेवढंच माझ्याजवळ आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग सत्त्याण्णवच्या डिसेंबरात फोन आला. कवळी बेसिनमध्ये पडून मधोमध दुभंगली होती.

"साचा शे ना घरमां?" भाऊंचा आवाज पोकळ येत होता.

"शे."

"मंग डॉक्टरले दे. नवी करीसन पार्सलनी धाड. माले येवानं काम नई."

"बरं," मंगलाबाई म्हणाल्या आणि फोनजवळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली, रिक्षात हादरे खात मी दवाखान्यात गेलो. मी बरोबर निघालो, तर भाऊ कधीच येणार नाहीत. चूक निघालो, तर इतकी वर्षं मी जपला गेलो ते कशाला? दोन्हीतलं काय व्हावं, मला ठरवता येईना.

डॉक्टरांनी मला उजेडात फिरवलं. "मासी, हा साचा जुना झाला. दात नसले की हाड झिजत जातं. आता काकांचा जबडा असा राहिलेला नाही. यावर केलेली कवळी बसायचीच नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही. माप नवंच घ्यावं लागेल."

मंगलाबाईंचा चेहरा इतका उजळला की डॉक्टर गोंधळले. "मासी, वाईट बातमी आहे ही."

"हो ना," त्या म्हणाल्या. "फोनवर तुम्हीच सांगा त्याला. माझं खोटं वाटेल."

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला. भाऊंनी बरंच काही विचारलं, तापमान, प्लॅस्टरचं आकुंचन, हाडांची झीज. शेवटी मंगलाबाईंनी रिसीव्हर घेतला. "भाऊ, तुनं तोंड बदली गयं. मनाजोडे शे ते जुनं. आते तुलेच येनं पडी."

पलीकडून या वेळी "पाहतो" आलं नाही. "येस," आलं. इंग्रजीतलं नव्हे, अहिराणीतलं. येतो.

काल ते आले. प्रवासभर तोंडावर रुमाल धरून होते म्हणे. दारातही धरलेला होता. मंगलाबाईंनी तो ओढून काढला. बसलेले गाल, आत गेलेले ओठ. त्या बघतच राहिल्या.

"भाऊ, तू ते मायसारखा दिसी राहिना रे!"

भाऊंनी आरशाकडे पाहिलं, शंकेनं, आणि मग बिनदाताचे मोठ्यानं हसले.

आज रंजनानं पोंक पाट्यावर वाटून मऊ करून दिला. तो खात भाऊंनी मला हातात घेतलं. "मंगला, एवढा बदलनू मी?" त्यांनी नेहमीसारखा अंगठा माझ्या टाळूवरून फिरवला.

उद्या दवाखान्यात नवं प्लॅस्टर कालवलं जाईल. मला खुशाल टाकून द्या, माझी तक्रार नाही. मी कशासाठी अख्खा राहिलो, ते मला कळलं असावं. निदान असं वाटतं.

फक्त डॉक्टर, एक विनंती आहे. काका कितीही मागे लागले, तरी या वेळी जोड काढू नका.