परवा किल्ला पडला

कमलबाईंनी तो सिनेमा पाहिलाही नव्हता, आणि तरी त्या सिनेमानं त्यांच्या जिवाला घोर लावला होता.

सिनेमा एका किल्लेदाराचा. किल्ला पडतो, किल्लेदार मारला जातो, त्याची गरोदर बायको वेश बदलून हैदराबादेकडे निघते आणि तिथंच सिनेमा संपतो. सिकंदराबादच्या थिएटरांतून लोक डोळे पुसत बाहेर पडत होते. किल्लेदार सिनेमावाल्यांनी रचलेला, पण तो खरोखर होऊन गेला की नाही यावर चहाच्या हॉटेलापासून टीव्हीपर्यंत हमरीतुमरी चालली होती. अशात कमलबाईंच्या धाकट्या जावेनं, भाग्यलक्ष्मीनं, किल्लेदारणीचं पुढं काय झालं ते आपल्या मनानं लिहायला घेतलं.

लिहायला म्हणजे बोलायला. भाग्यलक्ष्मीचं माहेर बेगम बाजारातलं, मसाल्याच्या दुकानामागचं. शाळा तेलुगू. मराठी घडाघडा बोलायची, पण लिहायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. भाजी फोडणीला टाकता टाकता ती फोनला गोष्ट सांगायची आणि फोन ती उतरवून घ्यायचा. तिची किल्लेदारीण बेगम बाजारात येऊन मिरच्या कुटते, गिऱ्हाइकांशी भांडते, मुलीला वाढवते. भाग ती नेटवर टाकायची आणि नांदेडपासून अमेरिकेपर्यंत हजारो लोक पुढच्या भागासाठी ताटकळत बसायचे.

आणि कमलबाई? घराण्यात तीन पिढ्या वकील आणि मास्तर. स्वतःचा सारा जन्म मराठी शिकवण्यात गेलेला. अफझलगंजच्या ग्रंथालयात धूळ खात बसून त्यांनी चारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती. तिच्या छापील प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली सुतळीसकट पडून होते. नवऱ्यानं, अनंतरावांनी, ती अर्धीही वाचली नव्हती. तेच अनंतराव आता सकाळी उठून विचारायचे, "भाग्याचा नवा भाग आला का गं?" कमलबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कहर म्हणजे प्रत्येक भाग तपासायला यायचा त्यांच्याकडेच.

"अक्का, जरा नजर टाका की," भाग्यलक्ष्मी म्हणायची. "मला काना-मात्रा कुठं कळतंय? तुमचा हात फिरला की मी बेफिकीर."

नाही म्हणावं तर मत्सर उघडा पडला असता. म्हणून कमलबाई दात-ओठ खात अनुस्वार जागच्या जागी बसवून द्यायच्या.

मग एके दिवशी आभाळ फाटलं. पुण्याचे अभिजीत म्हणून कुणी इतिहासप्रेमी होते, त्यांचा स्वतःचा चॅनेल होता. त्यांनी भाग्यलक्ष्मीच्या गोष्टीतलं एकच वाक्य पकडलं. किल्लेदारीण शेजारणीला म्हणते, "परवा किल्ला पडला, अन् माझी लेक आता दोरीवरच्या उड्या मारते." किल्ला पडला तेव्हा मूल पोटात होतं. दोन दिवसांत ते उड्या कसं मारणार? म्हणजे मुलगी आधीची! मग तिचा बाप कोण? किल्लेदारणीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, लेखिकेनं माफी मागावी आणि सगळी गोष्ट काढून टाकावी, अशी मागणी झाली. भाग्यलक्ष्मीच्या फोनवर शिव्यांचा पाऊस पडला.

कमलबाईंनी ते वाक्य वाचलं. त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. पुन्हा वाचलं, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हैदराबादेत परसों म्हणजे मागे कधीतरी. कालच्या आधीचा दिवसही परसों आणि पणजोबांचं लग्नही परसोंच. तोच अर्थ इथल्या मराठीत परवाला चिकटलेला. कमलबाईंच्या नजरेखालून वाक्य गेलं होतं आणि त्यांच्याकडून ते सुटलं होतं! आता हे कुणाला कळलं तर काय अब्रू राहील, या विचारानं त्या हादरल्या. आणि खोटं कशाला सांगायचं, जाऊ अडकली म्हणून त्यांना आतून गुदगुल्याही झाल्या.

मराठी मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव यांनी जाहीर चर्चा ठेवली. अभिजीत पुण्याहून आले. निवाडा द्यायला भाषातज्ज्ञ म्हणून मंचावर कमलबाई. भाग्यलक्ष्मी समोरच्या खुर्चीत, रडून रडून डोळे सुजलेले. भाग अक्कांनी तपासला होता, हे तिनं एवढं होऊनही कुणाला सांगितलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही बोलाल तसं," ती आधी म्हणाली होती. "चूक म्हटलात तर सगळं काढून टाकते. परत लिहायची नक्को."

परत लिहायची नाही! कमलबाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "शब्द तोलून वापरावा लागतो," त्या म्हणाल्या. "परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस. घडून गेलेल्या गोष्टीत त्याला दुसरा अर्थ नाही. लेखिकेनं चूक कबूल करावी."

भाग्यलक्ष्मीनं मान खाली घातली. अभिजीत खूश होऊन म्हणाले, "याला म्हणतात व्यासंग! बाई, आपण स्वतः काही लिहिता का हो?"

हा प्रश्न ऐकायला कमलबाईंचे कान किती वर्षं आसुसले होते! त्या फुलून आल्या. "लिहिते तर! परवाच माझी कादंबरी आली. चारशे पानांची."

"वा, परवाच? मग नवी कोरी प्रत घेऊनच जातो!"

हणमंतराव खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "परवा कुठली हो कमलबाई? दहा-अकरा वर्षं झाली की! प्रकाशनाला मीच नव्हतो का?"

मग मागच्या रांगेतून कुणीतरी खदखदलं, आणि पाहता पाहता अख्खा हॉल हसायला लागला. "हौ, हमारा परसों!" कुणी ओरडलं. टाळ्या थांबेनात. अभिजीत आधी गोंधळले, मग त्यांना उलगडलं आणि तेही हसले. "म्हणजे मुलगी किल्लेदाराचीच. मागणी मागे घेतो," त्यांनी माइकवर सांगून टाकलं. लोक भाग्यलक्ष्मीभोवती गोळा झाले. कादंबरीची प्रत अभिजीतही विसरले.

कमलबाई माइकपाशी तशाच उभ्या होत्या. कानशिलं तापली होती, कुठं तोंड लपवावं कळत नव्हतं. एवढ्यात गर्दीतून वाट काढत भाग्यलक्ष्मी मंचावर आली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडली.

"अक्का," ती हुंदके देत कानाशी म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही मुद्दाम तसं बोललात. स्वतःचं हसं करून घेतलंत. माझी सख्खी बहीण असती तरी केलं नसतं हो."

नाही, असं कमलबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खाली लोक टाळ्या वाजवत होते, अनंतराव कौतुकानं बघत होते, आणि जाऊ खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. कमलबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता हिचा हेवा करायचीही सोय उरली नाही, या विचारानं त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.