मावेल एवढाच पडदा

ताईने वर्षभरात दुसऱ्यांदा मॉनिटर बदलायचं काढलं, तेव्हा घरात कुणी नाही म्हटलं नाही. पण हो म्हणतानाही भावाचा आवाज जरा खालीच गेला.

ताई घरातली थोरली. एकोणपन्नास वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत राहणारी. तीन खोल्यांच्या घरात खिडकीजवळचं टेबल तिचं. त्या टेबलावर बसून ती बावीस वर्षं परभाषेतल्या सिनेमांच्या तळाशी येणाऱ्या मराठी ओळी लिहीत होती. पात्राने तोंड उघडलं की ओळ यायला हवी, मिटलं की जायला हवी. पडद्यावर चिठ्ठी दिसली, पाटी दिसली, तर तीही वाचून सांगायला हवी. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारी दुपारी मात्र ती खुर्ची बाजूला सारायची आणि तिघं पलंगावर बसून त्याच मॉनिटरवर सिनेमा बघायची.

पहिला मॉनिटर चोवीस इंची होता आणि त्याने इमानेइतबारे साथ दिली होती. मग ओळी सुटायला लागल्या. आधी एखादी, मग दर सिनेमात चार-पाच. ताईला वाटलं, पडदा अपुरा पडतोय. भाऊ म्हणाला, घ्यायचाच तर मोठा घे, सिनेमालाही बरा. सत्तावीस इंची आला. अक्षरं ठसठशीत झाली म्हणून महिनाभर हायसं वाटलं. पण पुढच्याच सिनेमात डाव्या कोपऱ्यात बसलेली म्हातारी बोलली आणि ताईने तिची वाक्यं दारात उभ्या असलेल्या जावयाच्या तोंडी घातली. म्हातारी तिला दिसलीच नव्हती. मग बत्तीस इंची आला. तो टेबलाला इतका पुरून उरला की कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागला, आणि चुका दुप्पट झाल्या.

त्याच सुमाराला घरातही काहीतरी बिनसलं. ताईच्या दंडावर, गुडघ्यावर काळे-निळे डाग उमटायला लागले. हाताशी ठेवलेला कप ती कोपराने उडवायची आणि भावजयीला चार शब्द सुनवायची. जिथे तिथे वस्तू ठेवतेस, वाटेत खुर्च्या आणतेस, माझं घरात असणं खुपतं का तुला, इथपर्यंत गोष्ट गेली. भावजय मुकाट्याने फरशी पुसायची.

अशात एका सकाळी स्टुडिओतून फोन आला. कामं वाटणाऱ्या मॅडम एरवी आधी तब्येतीची विचारपूस करायच्या. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आल्या. नव्या सिनेमात नायिका आजारी मुलीला घेऊन दवाखान्यापर्यंत चालत येते आणि दारातच खाली बसते. दाराशेजारी पाटी आहे, दवाखाना कायमचा बंद. ती ओळच ताईने लिहिली नव्हती.

“बाई का बसली, हे बघणाऱ्याला कळणारच नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्याकडून हे व्हावं? पुढचं काम जरा थांबून पाठवते.”

थांबून म्हणजे काय, ते ताईला बरोबर कळलं. तिने तो प्रसंग पुन्हा लावला. बाई आली, बसली. पाटी नाही. ताईने मान उजवीकडे वळवली, आणि पाटी तिथे होती, वितभर, ठळक अक्षरांची, जणू आत्ताच कुणी आणून टांगली. हे काम गेलं तर दुसरं येत नव्हतं, आणि आता नवं शिकण्याचं बळ नव्हतं. जेवण तसंच टाकून ती दुकानात गेली.

दुकानदार जुना होता. तिचे तिन्ही मॉनिटर त्यानेच दिले होते. तिने त्रेचाळीस इंची मागितला.

त्याने समजावून सांगितलं की हा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात, हाताच्या अंतरावर काम करायचं तर चोवीस पुष्कळ, सत्तावीस म्हणजे चैन, आणि बत्तीस पलंगावरून सिनेमा बघायला. त्रेचाळीस इंचीसमोर एवढ्या जवळ बसून मान मोडेल. ताई ऐकेना. सुटतंय माझं सगळं, मोठाच हवा, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी त्याने तिला एका चालू मॉनिटरसमोर बसवलं.

“मधे बघा. मान हलवू नका. आता पडद्याच्या कडा दिसतात?”

“न वळता कशा दिसतील?”

दुकानदार म्हणाला, “दिसतात, मॅडम. सगळ्यांना दिसतात. मी तुम्हाला मोठा विकेन, पण आधी डोळे दाखवून या.”

ताई उठली आणि निघाली. याला विकायचं नसेल तर दुसरीकडे घेईन, अशी रस्ताभर धुमसत घरी आली आणि दारातल्या स्टुलाला अशी अडखळली की भिंतीचा आधार मिळाला म्हणून वाचली. मग तिचा तोल सुटला. मनात साठलेलं सगळं तिने भावजयीवर ओतलं. भावजय या वेळी खाली बघत राहिली नाही.

“ताई, स्टूल मी आणलं नाही,” ती हळूच म्हणाली. “सात वर्षं ते तिथेच आहे. पूर्वी तुम्ही न बघता त्याला वळसा घालून जायचात.”

ताई त्याच स्टुलावर बसली. दंडावरचे डाग, उडालेले कप, कोपऱ्यातली म्हातारी, दाराशेजारची पाटी, सगळं एका ओळीत उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी भावजयीने रजा टाकली आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला सांगितली. एक डोळा झाकला. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. ताईने दोन-तीनदा दाबलं. मग काहीच होईना. ती वाट बघत बसली. बटणावरचा अंगठा घामाने ओला झाला.

“यंत्र बंद पडलं का?” तिने विचारलं.

तपासणारी मुलगी म्हणाली, “नाही हो. चालू आहे. अर्धं झालं.”

त्या अंधाऱ्या खोलीत, आपल्याभोवती दिवे लागतायत आणि विझतायत, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही, हे ताईला कळलं. तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. पाण्याने आणखी एखादा दिवा हुकेल, अशी भीती तिला वाटली.

काचबिंदू. डॉक्टरांनी नीट सांगितलं. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर पार आतपर्यंत नाहीशी झाली होती, मधली शाबूत होती. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज, जन्मभर, म्हणजे उरलेलं टिकेल. किती दिवस टिकेल, ते बघत जायचं. पडदा जेवढा मोठा, तेवढा तुमच्या नजरेबाहेर जास्त, असंही ते म्हणाले. ताईला वर्षभराच्या मूर्खपणाची इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत ती भावजयीच्या खांद्याचा आधार घेऊनसुद्धा तिच्याशी बोलू शकली नाही. दारात मात्र म्हणाली, “तुला फार बोलले गं.” भावजयीने नुसता तिचा हात दाबला.

ताईचं निदान ऐकून दुकानदाराने दुकानाच्या मागच्या खोलीतून एकोणीस इंची जुना मॉनिटर शोधून काढला, घरी येऊन टेबलावर मांडला आणि तो बोटाबोटाने मागे सरकवत गेला. चारही कोपरे एकदम दिसले तेव्हा ताईने त्याला थांबवलं. पडदा पार भिंतीला टेकला होता.

मॅडमना तिने खरं ते सगळं लिहिलं. तीन दिवस उत्तर आलं नाही. ते तीन दिवस ताईने कसे काढले, ते तिचं तिला माहीत. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटांचा छोटासा सिनेमा आला. सोबत निरोप, की काम झाल्यावर दुसरं कुणीतरी तपासेल. ज्या ताईच्या कामाला बावीस वर्षं कुणी हात लावला नव्हता, तिने ते मान खाली घालून कबूल केलं. तिला आता प्रत्येक प्रसंग तीनदा बघावा लागायचा, एकदा मधे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन दिवसांचं काम आठवड्यावर गेलं.

बत्तीस इंची बाहेरच्या खोलीत गेला. रविवारी ताई मुद्दाम सर्वांत लांबच्या भिंतीशी बसली. तरीही चेहरा बघावा तर ओळ हरवायची, ओळ वाचावी तर चेहरा. चार मिनिटांत तिने डोळे मिटून घेतले. भावजयीच्या ते लक्षात आलं. ती काही न विचारता ताईजवळ सरकली आणि ओळी हलक्या आवाजात वाचायला लागली.

ती प्रत्येक ओळ जराशी उशिरा वाचत होती. पात्र बोलून थांबायचं, मग तिचा आवाज यायचा. ताईने डोळे उघडले आणि ती ओळ न शोधता पडद्यावरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.