रुपाबाईचा गृहप्रवेश

शेलूबाजारच्या रस्त्याला ती पडकी खांबवाली कोठी दिसते ना, तिच्यात भूत आहे म्हणतात. भूत कसलं डोंबलाचं! ती कोठी रुपाबाईनं पाडली, अन् तीही भरदिवसा, मुहूर्त काढून.

इंग्रजाच्या अमदानीतली गोष्ट. तिचा नवरा लालसिंग, गावचा मोठा जमीनदार. अकोल्यात कुण्या साहेबाचा बंगला पाहून आला अन् येडाच झाला. तसेच उंच गोल खांब पाहिजेत, तसाच त्रिकोणी माथा, अन् दरवाजा रस्त्याच्या बरोब्बर समोर. नेमकी तिथंच गावाची गोड्या पाण्याची विहीर. पठ्ठ्यानं विहिरीवर फरशी टाकली अन् तिच्याच कडांवर खांब उभे केले! बदल्यात गावाला दुसरी विहीर खणून दिली, तिला खडकच लागला.

बाया नदीतल्या झिऱ्याचं गढूळ पाणी भरू लागल्या. उन्हाळ्यात पटकीची साथ आली, हगवण-ओकारीनं माणसं पटापट जाऊ लागली. शेजारच्या गोजराबाईचा थोरला त्यात गेला अन् धाकटा अंथरुणाला खिळला. रुपाबाईचं काळीज तुटत होतं. नवऱ्याला तिनं हजारदा सांगितलं, विहीर मोकळी करा. तो ढिम्म हलेना. मग एक दिवस ती गोड आवाजात म्हणाली, "अवो, गृहप्रवेश करून टाकू. पाण्याचा कलश मीच भरून आत नेईन."

लालसिंग हरखला. त्यानं सारं गाव बोलावलं. रुपाबाई नवं लुगडं नेसून आली, एका हातात रिकामा कलश, दुसऱ्या हातात पहार.

"हे काय व?" लालसिंग ओरडला.

"कलश भरीन त याच विहिरीतून. नाही त या घरात पाय नाही ठेवत." अन् घातली की पहार फरशीच्या फटीत!

मिस्त्री निजामुद्दीन धावत आला. "ठयरा बाई! फरशी निघाली त खांब राह्यत नाही."

"पडू द्या. सरका सारे!"

गोजराबाईनं पदर खोचला अन् पहारीला हात लावला. फरशी उचकटली. डावा खांब कडकडला, तशा बाया मागं पळाल्या. खांब माथ्यासकट बाहेरच्या अंगाला आडवा झाला. धुराळा बसला तेव्हा लालसिंग डोकं धरून खाली बसला होता.

रुपाबाईनं पोहरा सोडला. गार, नितळ पाणी वर आलं. तिनं कलश काठोकाठ भरला अन् गोजराबाईच्या हाती दिला. "जाय, तुह्या लेकराले पाज. गृहप्रवेश तुह्या घरी."

मग ती नवऱ्याकडं वळली. "अवो, बसून काय राह्यले? दोर धरा. बाया खोळंबल्या."

लालसिंगानं पडलेल्या खांबाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, अन् उठून दोर धरला.