सरांच्या नावापुढे शून्य

स्फूर्तीची पीएचडी मी बुडवायला निघाले होते, असं आमचे नंजुंडय्या सर चारचौघांत सांगतात. साफ खोटं. मी फक्त तिचं गणित घरच्याच माणसांना लावून पाहिलं.

मी वनजाक्षी, सरांच्या संशोधन विभागातले कॉम्प्युटर सांभाळते. पोरं मला अक्का म्हणतात आणि वाट्टेल ती कामं सांगतात. बेंगळुरूच्या या विद्यापीठात आमचा विभाग वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलाय: चार माणसं कॉम्प्युटरवर मिळून काम करतात, तेव्हा त्यांचं ज्ञान वाढतं कसं? स्फूर्तीने त्यासाठी लिफ्ट दुरुस्त करणारी एक कंपनी धरली होती. तिथले पाच इंजिनियर एका सामायिक पानावर लिहून ठेवत, कुठली लिफ्ट कशाने अडली आणि कशाने सुटली. त्या पानात कुणी किती भर घातली, हे मोजणारा प्रोग्राम स्फूर्तीने स्वतः लिहिला.

उत्तर आलं आणि पोरगी रडायच्या बेताला आली. जवळजवळ अख्खं पान तिप्पेस्वामी नावाच्या एकट्याने लिहिलेलं. बाकीचे चौघे नुसते नावाला.

"अक्का, इथे मिळून काही होतच नाही हो! एकटा राबतोय आणि चौघं कॉफी ढोसतायत. माझा सगळा प्रबंध आडवा झाला."

"समितीपुढे कधी जायचंय?"

"पुढच्या शुक्रवारी. बाहेरच्या परीक्षक येणार. त्या नको म्हणाल्या तर प्रबंध सादरच करता येणार नाही. परत पहिल्यापासून सुरुवात."

मला तिची कणव आली. खोटं कशाला बोलू, सोबत खोडीही सुचली. तिचा प्रोग्राम मी आमच्याच विभागाच्या सामायिक पानावर चालवला आणि निकाल सरांच्या टेबलावर ठेवला. वनजाक्षी पहिली, बाकी सगळे कितीतरी मागे, प्राध्यापक नंजुंडय्या शून्य.

"सर, खुर्ची कधी रिकामी करताय?" मी विचारलं.

सर लालेलाल. "शून्य? अगं, त्या पानावरचं निम्मं मी बोललोय!"

"बोललात हो. टाइप कुणी केलं?"

सर एका बोटाने टाइप करतात, एका ओळीला चहा थंड होतो. म्हणून ते बोलतात, पोरं मध्येच तोंड घालतात, आणि मी लिहिते. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. स्फूर्ती दारात उभी राहून हे ऐकत होती.

"म्हणजे तिप्पेस्वामीसुद्धा...?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या कंपनीखालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, जाऊन उभे राहिलो. शेजारच्या उंच टेबलाला पाचही इंजिनियर टेकलेले. बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन अर्धे पेले, आणि भांडण मात्र पूर्ण.

"मोटर ठणठणीत आहे रे, दार घासतंय!"

"घासतंय तर आवाज कुठाय? तुझ्या कानात बोळे आहेत का?"

"आवाज येतो, पण पावसाळ्यात नाही. मी ऐकलाय."

तिप्पेस्वामी गप्प. अर्धा पेला संपवला आणि वर जाऊन सगळं टाइप करून टाकलं. स्फूर्तीने नंतर त्याला गाठलं. "नेहमी तुम्हीच का लिहिता?"

"मला भांडता येत नाही, मॅडम," तो लाजत म्हणाला. "टाइप करता येतं."

सरांनी आमच्यासाठी दोन बाय-टू मागवल्या आणि चारातले दोन पेले स्वतःच संपवले.

"हात मोजून उपयोग नाही," स्फूर्ती म्हणाली. "मग मोजू काय?"

"वाक्य मोज," मी म्हणाले. "सकाळचं संध्याकाळी बदललं का ते."

"बदललं तर मध्ये भांडण कुणाकुणाचं झालं?" सर म्हणाले.

"भांडणं आहेत माझ्याकडे!" स्फूर्ती ओरडलीच. "त्यांच्या परवानगीने वर्षभर रेकॉर्ड केलीत. कुचाळक्या म्हणून बाजूला टाकली होती मी!"

"मग भांडण आणि वाक्य..." मी म्हणाले.

"जोडून बघायचं," सर आणि स्फूर्ती एकदमच म्हणाले.

जोडलं. पानावरचं जवळपास प्रत्येक चांगलं वाक्य तीन-चार तोंडांतून भांडत भांडत आलेलं निघालं.

शुक्रवारी मी समितीपुढचा कॉम्प्युटर जोडत होते, तेव्हा सर म्हणाले, "आधी माझं शून्य दाखव."

"सर, बरं दिसेल का?"

"नाहीच दिसणार. म्हणून तर समिती जागी राहील."

समिती जागी राहिली, हसलीसुद्धा. धारवाडहून आलेल्या परीक्षक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पदवी तुम्हा एकटीला मिळणार. ही मोजायची रीत नेमकी कुणाला सुचली? खरं सांगा."

पोरगी 'मला' म्हणाली तर ते खोटं, आणि दुसऱ्याचं नाव घेतलं तर तीन वर्षं पाण्यात.

स्फूर्ती पांढरी पडली. "मॅडम, खरंच सांगता येत नाही. मी हात मोजू नका म्हणाले, पण पुढे..."

"पुढे मीच म्हणालो," सर पटकन बोलून गेले.

"काहीतरीच काय, सर! वाक्य मोज असं मी सांगितलं," मला राहवेना.

"अक्का, पण रेकॉर्डिंग माझं होतं ना?"

"रेकॉर्डिंग तुझं, पण भांडणाचं काढलं कुणी?" सर म्हणाले.

भर समितीपुढे तिघांची जुंपली. बाईंनी आम्हाला मनसोक्त भांडू दिलं. मग चष्मा चढवला आणि मान्यतेचा कागद पुढे ओढला.

"हे आत्ताचं भांडण प्रबंधात घाला," सही करता करता त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं उदाहरण तुमच्याकडे दुसरं नाही."