मला होडीचं तेल लावलं तेव्हा

मित्रांनो, खिडकीत बसवतात तसला एक जुना एसी मी आहे. पुढचं सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो. मी स्वभावाने मत्सरी आहे. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. पुढे जे घडलं त्यात माझ्या या स्वभावाचाही वाटा आहे, म्हणून तो लपवून चालणार नाही.

माझा जन्म १९८२ सालचा. कारखान्यातून निघालो तो थेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. तिथे माझी बडदास्त चांगली होती. दर पंधरा दिवसांनी शिपाई माझं पुढचं झाकण उघडून आतली बारीक जाळी काढी, नळाखाली धुई आणि सावलीत वाळवून परत बसवी. वर्षातून दोनदा कारागीर येई आणि मला अख्खा बाहेर ओढून स्वच्छ करी. तरी मी खूश नव्हतो. साहेबांच्या टेलिफोनला रोज अत्तराचा बोळा लावून पुसत असत. मला कधी कुणी अत्तर लावलं नाही, याचा राग मी सात वर्षं मनात धरून होतो. जे मिळत होतं त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही.

मग ती कंपनी दुसरीकडे गेली आणि केबिनमधलं सामान विकायला निघालं. टेलिफोन नव्या जागी गेला. मी मात्र हातगाडीवर पडून रेल्वे ओलांडून पूर्वेला आलो. कोपरीच्या पुढे खाडीकाठी कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या परशुराम नावाच्या कोळ्याने मला घेतलं होतं. हौस म्हणून नव्हे, तर त्याचे वडील दामाजी यांना दमा होता म्हणून. जवळच रस्त्याचं काम निघालेलं, दिवसभर ट्रकची धूळ उडायची. डॉक्टर म्हणाले होते, "खोली बंद ठेवा. स्वच्छ, गार हवा मिळाली तर म्हाताऱ्याचा श्वास टिकेल." म्हणजे त्यांचा श्वास माझ्या भरवशावर होता. एवढी मोठी जबाबदारी मला साहेबांच्या केबिनमध्येही मिळाली नव्हती. मी फुगून गेलो.

पण त्या खोलीला खिडकी एकच होती. दामाजी खाटेवर पडल्या पडल्या त्या खिडकीतून काठाला बांधलेली आपली होडी बघत. चाळीस वर्षं त्यांनी ती चालवली होती. आता त्याच खिडकीत मला बसवलं आणि उरलेल्या जागेत फळ्या ठोकल्या. त्यांना होडी दिसेनाशी झाली.

माझं तोंड खोलीत आणि पाठ खाडीकडे. पण मत्सर करणाऱ्याला पाठीलाही डोळे असतात. मागे काय चाललंय ते सगळं मला दिसे. पावसाळ्यापूर्वी परशुराम ती होडी काठावर ओढून घेई. तिच्या तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपल्या खरवडून काढी. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून भरी. मग मुशी माशाच्या काळजातून काढलेलं तेल घेऊन, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं तिच्या अंगभर चोळी. नारळी पौर्णिमेला तिला पताका, फुलं, नारळ, सगळं काही. आणि इकडे मी रात्रंदिवस घरघरत म्हाताऱ्याला गार वारा देतोय, तर सकाळी डोळे उघडल्यावर दामाजींचा पहिला प्रश्न काय असे?

"परशा, होरीत पानी तं नाय शिरला?"

"नाय बाबा. ठणठणीत हाय होरी."

रोज हेच. तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की हा एसी कसा आहे. माझा नुसता जळफळाट होई. एकदा होडीला खरंच चीर पडली आणि आठ दिवस ती काठावर पडून राहिली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं खरं.

माझी काळजी घेत नव्हते असं नाही. परशुरामची बायको भागीरथी दसऱ्याला मला कुंकू लावी, झेंडूचा हार घाली. पण पाकळ्या गळून माझ्या झाकणात अडकत, त्या कुणी काढीत नसे. झाकणामागे जाळी असते आणि ती धुवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? विकणाऱ्याने फक्त बटणं दाखवली होती. जाळीवर धुळीचा थर चढत गेला. वारा कमी झाला, घरघर वाढली. खालचं पाणी जायचं भोक बुजलं आणि पाणी बाहेर पडायचं सोडून खोलीत ठिबकू लागलं. दामाजींचा खोकला पुन्हा वाढला.

शेवटी परशुरामच्या लक्षात आलं की मी आजारी आहे. तो माझ्या पाठीकडे गेला. खाऱ्या हवेने माझ्या मागच्या पातळ पत्र्या गंजू लागल्या होत्या. त्याने मान हलवली, "च्च, च्च," केलं आणि म्हणाला, "याला कधी तेल नाय दिला आपुन."

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. होडीला लावून डब्यात थोडं तेल उरलं होतं. तो डबा आणि तोच ब्रश घेऊन परशुराम आला. मित्रांनो, माझा विश्वास बसेना! त्याने माझ्या पाठीवरच्या एकेका पत्रीला प्रेमाने तेल लावलं. मग खोलीत येऊन झाकण काढलं आणि पुढच्या जाळीवरही ब्रश फिरवला. जे तेल वर्षानुवर्षं तिच्या अंगाला लागताना मी बघत होतो, ते आज माझ्या अंगाला लागत होतं. होडी काठावरून बघत होती. मी तिला चांगलंच दाखवून दिलं. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तो आनंद चार दिवससुद्धा टिकला नाही. तेलावर धूळ बसली आणि बसली ती निघेचना. वस्तीतल्या यच्चयावत मांजरी माझ्या पाठीपाशी येऊन बसू लागल्या, कारण माझ्या अंगाला माशाचा वास येत होता. घरात कुणाच्या नाकाला तो वास नवा नव्हता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. जाळीवर तेल आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर झाला. हवा आत यायला वाट उरली नाही आणि माझ्या पाठीची उष्णताही बाहेर पडेना. मी तापायचो, धापा टाकायचो आणि बंद पडायचो. चालू असलो की तोच कुबट, तेलकट वारा म्हाताऱ्याच्या तोंडावर सोडायचो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी दामाजींना जोराचा दम लागला. ओठ निळे पडले. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जाताना भागीरथी दारात थांबली आणि माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "अवो, ह्यो डबा आदी काढा खिडकीतून! याच्याच वाऱ्यानं बाबांना दम लागतंय."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आधी चिडलो. मग रिकामी खाट दिसली. कळलं, की ती म्हणते ते खरं आहे. ज्या श्वासासाठी मला आणलं, तोच मी कोंडत होतो. आणि होडीसारखं तेल मिळालं म्हणून नाचत होतो.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दामाजींना घरी सोडलं, पण खोलीची हवा सुधारा असं बजावून. मला भंगारात देण्याआधी एकदा दाखवून बघू, म्हणून परशुरामने विठ्ठलवाडीहून उत्तम नावाच्या कारागिराला बोलावलं. उत्तमने आधी वीज बंद केली, मग मला खिडकीतून ओढून अंगणात फरशीवर ठेवलं. नाक जवळ नेऊन वास घेतला आणि दचकून मागे सरला.

"दादा, हे काय लावलंय याला?"

"मुशीचा तेल. होरीला लावतो तोच," परशुराम म्हणाला. "मी तं याला होरीवानी जपला."

उत्तम हसणार होता, पण परशुरामचा चेहरा बघून हसला नाही. म्हणाला, "दादा, होडीत पाणी जाऊ नये म्हणून तुम्ही फटी बुजवता, बरोबर? याचं उलटं असतं. याच्या फटी मोकळ्या पाहिजेत. हवा आरपार गेली तरच हा जगतो. दर पंधरा दिवसांनी ही जाळी नळाखाली धरायची, बस्स. कधी धुतलेली का?"

"ती धुवाची असतं?" परशुरामने विचारलं आणि मान खाली घातली.

मग तीन तास माझी अंघोळ चालली. उत्तमने मोटर आणि वायरी प्लास्टिकने झाकल्या. कोमट साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने तेल सोडवलं. वाकलेल्या पत्र्या एकेक सरळ केल्या, बुजलेलं भोक तारेने मोकळं केलं, पंख्याच्या मोटरला तेलाचे दोन थेंब दिले. तेल लागतं ते तेवढंच! परशुराम प्रत्येक गोष्ट निरखून बघत होता.

"गॅस भरायचा काय?" त्याने विचारलं.

"कशाला? गॅस आपोआप संपत नाही. गळती असेल तरच भरायचा. कोणी उगाच भरतो बोलला, तर आधी गळती दाखव म्हणायचं."

मी अंगणात ओला पडलो होतो. खिडकी मोकळी होती. दामाजींनी खाटेवर मान वळवली आणि तीन वर्षांनी त्यांना होडी दिसली. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्या थंड वाऱ्याने तो कधी तसा उजळला नव्हता. मी मनात म्हटलं, संपलं. आता मला परत कोण बसवतो?

तेवढ्यात उत्तम जाळी झटकत आत आला. "आजोबा, हिला मध्ये भोक पडलंय. नवी आणावी लागेल."

"आन इकडं," दामाजी म्हणाले. त्यांनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि सुनेकडून जाळं विणायची सुई आणि नायलॉनचा दोरा मागवला. धाप लागत होती तरी उठून बसले. थांबत थांबत त्यांनी ते भोक विणून टाकलं. किती दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं! जाळी परत देताना ते उत्तमला म्हणाले, "ही मी धुईन. बाकीच्यांनी हात लावाचा नाय."

मला भंगारात दिलं नाही. परशुरामने भिंतीत वरच्या बाजूला जागा पाडून मला तिथे बसवलं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि खिडकीला काच लावली. दामाजींना आता होडीही दिसे आणि धूळही लागत नसे. मला वाटलं, हे दिवसभर तिच्याकडेच बघत बसणार. मी पुन्हा आतल्या आत धुमसू लागलो. स्वभावाला औषध नसतं.

दर दुसऱ्या रविवारी परशुराम जाळी काढून देई आणि दामाजी पाटावर बसून ती धूत. जाळीचा कोपरा न् कोपरा उजेडात धरून बघत. त्यांचा खोकला उतरला. दिवाळीपर्यंत ते दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला हार घाला, कुंकू लावा, आम्हाला आवडतंच ते. पण आधी त्याला काय लागतं ते जाणत्या माणसाला विचारा. नुसती माया पुरत नाही, हे मी अंगभर तेल माखून घेऊन शिकलो आहे. आणि आमचा श्वास कोंडला की तुमचाही कोंडतो.

नाताळाच्या सुमाराला एका दुपारी दामाजींचा जुना सोबती नाथा भेटायला आला. दोघांनी अनेक वर्षं एकत्र मासेमारी केली होती. चहा घेता घेता नाथाने काचेतून बाहेर बघत विचारलं, "दामाजी, होरी कशी हाय तुजी?"

माझी घरघर क्षणभर अडखळली. हा प्रश्न मी ऐकून ऐकून विटलो होतो.

दामाजींनी बशी खाली ठेवली. "होरीचा परशाला इचार," ते म्हणाले. मग भिंतीवर माझ्याकडे हात करून म्हणाले, "मला याचा इचार."

मी इतका गार वारा सोडला की त्या दोघा म्हाताऱ्यांना भर दुपारी चादरी मागवाव्या लागल्या.