राक्षसाचे मागचे पाय

चष्मेवाल्याला आपल्या नजरेचा फार अभिमान होता. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की तो आधी त्याच्या नाकावरचा चष्मा बघायचा, आणि तो केसभर जरी कलला असला तरी काय हवंय हे विचारायच्या आत दांडी वाकवायला घ्यायचा. "मला वाकडं दिसलं म्हणजे ते वाकडंच," असं तो म्हणे. दुकानात ते खपून जायचं. घरात मात्र या वाक्यानं घात केला.

झालं असं, की त्याचे सासरे नाट्यगृहात सुतार होते आणि त्यांनी लेकीला जेवणाचं टेबल करून दिलं. ते घरात आणून ठेवलं तर डुगडुगायला लागलं. बायको म्हणाली, "जमीन वर-खाली आहे. एका पायाखाली कागदाची घडी सारू, संपला विषय." चष्मेवाल्यानं ते कानाआड केलं, करवत आणली आणि एक पाय जरासा कापला. मग दुसरा उंच वाटायला लागला, म्हणून तोही कापला. असं करता करता संध्याकाळपर्यंत टेबल गुडघ्याला आलं, आणि डुगडुगायचं काही थांबलं नाही. वर हा गृहस्थ घाम पुसत म्हणतो, "तुझ्या बाबांना मुळात सरळ कापताच येत नाही." बायकोनं बॅग भरली आणि माहेर गाठलं. सासऱ्यांनी जावयाशी बोलणं टाकलं.

त्याच सुमारास नाट्यगृहात एक ऑपेरा बसत होता, तीनशे वर्षांपूर्वीचा. गोष्ट ग्रीक पुराणातली. राणी आपल्या मुलीच्या रूपाच्या बढाया मारते, समुद्रदेवाला राग येतो, तो एक राक्षस धाडून देतो, आणि राजा राज्य वाचवायला पोटच्या पोरीला खडकाला बांधून मोकळा होतो. मग पंखांच्या वहाणा घातलेला वीर आकाशातून उतरतो. यंत्रं सगळी जुन्या पद्धतीची, लाकडाची, हातानं फिरवायची. लाटा म्हणजे लांबलचक पिळदार निळे रूळ. बाजूचं हँडल फिरवलं की समुद्र हलायचा.

ते हँडल फिरवायला माणूस मिळेना, म्हणून माहेरी बसलेली लेक कामाला लागली. तिनं समुद्र असा काही खेळवला की मंडळी खूश झाली आणि तिला दौऱ्यावर चल म्हणाली. शेवटचा खेळ संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघणार होती. त्या गाडीत ती एकदा बसली की परत यायची नाही, हे चष्मेवाल्याला चष्म्याशिवाय दिसत होतं. तो रोज नाट्यगृहाच्या मागच्या दारात जाऊन उभा राहायचा. ती बाहेर यायची नाही.

शेवटच्या खेळाच्या दिवशी दारात सासरे आले. राक्षसाच्या पोटात दोन माणसं लागत. पुढचे पाय आणि जबडा सासऱ्यांकडे होता, कारण राक्षस त्यांनीच घडवला होता. मागच्या पायांचा माणूस कंबर धरून बसला होता. सासऱ्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उंची बसते. वाका," ते म्हणाले.

जावयाचा मान बघा, मिळाली ती शेपटाकडची बाजू. पण आत तरी शिरायला मिळालं, म्हणून तो मुकाट्यानं वाकला. सुतारखान्यातून जाताना मात्र त्याची नजर राजाच्या सिंहासनावर गेली. ते चांगलंच मागे कललेलं होतं. जिभेला आवर घालायची वेळ होती. त्यानं घातला नाही.

"हेही वाकडंच," तो म्हणाला.

"शेपूट सांभाळा," सासरे म्हणाले.

खेळ सुरू झाला. राक्षस रंगमंचावर आला तेव्हा चष्मेवाला कमरेत वाकलेला, दोन्ही हात सासऱ्यांच्या पट्ट्यात, आणि जग बघायला दोन्ही बाजूंना कल्ल्याची एकेक फट. एका फटीतून लाटा दिसत होत्या, आणि लाटांच्या टोकाला, पडद्याआड, बायकोचा हँडल फिरवणारा हात.

"बाबा, तुम्ही तिला समजवा ना," तो कुजबुजला.

"मी काय समजवू? डावा पाय."

"त्या राजासारखं बांधून ठेवलंत तिला."

"आणि तिला खायला कोण आलंय, जावईबापू? उजवा पाय."

वीर गायला लागला. या गाण्यांची रीत अशी, की पहिला भाग झाला की मधला वेगळा भाग, आणि मग पहिलाच भाग पुन्हा, जास्तीच्या ताना-हरकतींसकट. तोवर राक्षसानं मरायचं नाही, नुसत्या धापा टाकत उभं राहायचं. उभं राहायचं म्हणजे भांडायला मोकळीक मिळाली.

"ढकलू नका," सासरे म्हणाले.

"मी नाही ढकलत. आपोआप घसरतोय."

"टेबल सरळ होतं, एवढं कबूल करा आधी."

नगारे वाजायला लागले तसा चष्मेवाल्याचा आवाज चढला. कर्णे वाजले तसा आणखी चढला. आणि पहिला भाग संपून सगळी वाद्यं एकाएकी गप्प झाली, नेमकं तेव्हाच राक्षसाच्या पोटातून खणखणीत शब्द आले, "टेबल वाकडंच होतं."

इतका वेळ परक्या भाषेत गाणं चाललेलं. प्रेक्षकांना पहिल्यांदाच काहीतरी कळलं, आणि ते मनापासून हसले. पण समुद्र थांबला. एकही लाट हलेना. फटीतून दिसणारा हात हँडलवरून खाली आला होता.

मधला भाग सुरू झाला, हळू आणि रडवा. तोंड फिरवावं म्हणून चष्मेवाल्यानं दुसऱ्या बाजूच्या फटीला डोळा लावला, तर समोर सिंहासन. मघाचंच. त्यावर राजा बसला होता, आणि सिंहासन अगदी ओळंब्यात होतं.

"बाबा, हे सरळ कसं झालं?"

"मंच उतरता आहे. मागे उंच, पुढे खाली, लोकांना मागचंही दिसावं म्हणून. तशा जमिनीवर सरळ बसावं म्हणून पाय कमी-जास्त केलेत. इतके दिवस दारात उभे होतात, जावईबापू, आत बघितलं नाहीत?"

त्यानं बघितलं होतं. त्याला मंच सपाट वाटला होता. आपण घसरतोय तेही त्याला सासऱ्यांचीच चूक वाटलं होतं. वाकून वाकून कंबर धरली होती, पण त्याहून जास्त दुखलं ते हे.

"बाबा, टेबल सरळ होतं. माझं चुकलं."

"मला सांगून काय उपयोग," सासऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "तिनं टेबल सरळ आहे असं कुठे म्हटलं होतं? ती वेगळंच सांगत होती. मीही ऐकलं नाही. मी आपला माझ्या टेबलाची बाजू घेत बसलो."

पहिला भाग पुन्हा सुरू झाला. तीच चाल, तेच नगारे, वीर हरकतींवर हरकती घेतोय. चष्मेवाला जिवाचा कान करून वाट बघत होता. गाणं उलटून आलं होतं, तशी ती शांत जागाही उलटून येणार होती. कर्णे वाजले. वाद्यं थांबली. राक्षसानं श्वास घेतला.

"तुझं बरोबर होतं," राक्षस म्हणाला. "कागदाची घडीच पुरली असती. मी ऐकलं नाही. जाऊ नकोस."

नाट्यगृहात कोणी हसलं नाही. वीर तलवार उगारून तसाच उभा राहिला, कारण मरायला टेकलेल्या शत्रूकडून असलं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. मग एक लाट हलली. मग दुसरी. मग सगळा समुद्रच असा उसळला की वीराला पुढचा सूर सापडेना, आणि त्यानं घाईघाईनं राक्षसाला भोसकलं. राक्षस आनंदानं मेला. मागचे पाय पुढच्यांच्या आधी मेले, तेवढं चुकलं.

सकाळी गाडी गेली तेव्हा समुद्र फिरवायला दुसरंच कोणीतरी होतं. घरी तिघं जमिनीवर मांडी घालून जेवायला बसली, कारण त्या टेबलाला खुर्च्या लावायची सोय उरली नव्हती. सासऱ्यांनी पायांना जोड द्यायला चार ठोकळे आणले होते. जावयानं मोजायची पट्टी काढली. दोघं वाकून कुठला पाय किती यावर बोलायला लागले.

बायकोनं पर्समधून खेळाची छापील पत्रिका काढली, तिची घडी घातली आणि खिडकीकडच्या पायाखाली सारली. मग टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला.

दोघंही पेल्याकडे बघत राहिले. थेंबही सांडला नाही.

"वाढू?" तिनं विचारलं.